नळ्याचं टोक कुठं आहे?

मुलांनो, एका जंगलात एक नियम होता. नळ्याचं टोक कुठं आहे, हे थोरांना विचारायचं नाही. का विचारायचं नाही, हेही विचारायचं नाही.

त्या जंगलात सुगरण पक्ष्यांची तीन झाडं होती. पहिलं सरावाचं. तिथे नवशिके सकाळी येऊन घरटी विणत, आणि ती चुकत. दुसरं रंगीत तालमीचं. तिथे बरी जमलेली घरटी टांगून ती वारा सोसतात का, ते बघत. तिसरं राहतं झाड. तिथे संसार होते, अंडी होती, शेजारणींची भांडणं होती.

तिन्ही झाडांचा कारभार टेकडीवरच्या एका खडकावरून चाले. खडकावर बांबूंना बांबू जोडून केलेला लांबलचक नळा होता. त्याचं दुसरं टोक खाली उंच गवतात जाई. ज्या झाडाला हुकूम द्यायचा, त्या झाडाखाली ते टोक ओढून ठेवायचं, आणि वर येऊन ओरडायचं. प्रत्येक झाडाखाली उंदरांची एक तुकडी असे. हुकूम आला, की उंदीर तो अमलात आणत. हा हुकूम आपल्याच झाडाचा आहे का, असं ते विचारत नसत. चांगल्या उंदराचं ते लक्षणच नाही.

टोक कुठं आहे, ते खडकावरून दिसत नसे. ते थोरांच्या लक्षात असे. थोर तीन होते. हुप्प्याआजोबा, कासवकाका आणि घोरपडमावशी. म्हणजे डोकी तीन, आणि प्रत्येक डोक्यात वेगळं झाड.

हुकूम ते द्यायचे. ओरडायची मात्र साळू साळिंदर. साळू तरुण होती, नदीपलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती, आणि तिचा आवाज तीन टेकड्यांना पुरून उरायचा.

एकदा आजोबा म्हणाले, "सरावाच्या झाडाला सांग, आजपासून उलटं लटकून विणायचं." साळू ओरडली. पण टोक निघालं राहत्या झाडाखाली. उंदरांनी हुकूम घरोघर पोचवला. तीन दिवस अख्खं झाड उलटं लटकलं. एका सासूबाईंची पिसं तोंडावर आली, ती पुन्हा बसलीच नाहीत.

थोरांची तातडीची बैठक झाली. ठराव असा झाला, की उलटं लटकल्याने कणा ताठ होतो.

साळू भडकली. तिने आठवडाभर राबून तीन नवे नळे टाकले. एकेका झाडाला एकेक. टोकं जमिनीत पक्की पुरली. खडकावर तीन नळ्यांपाशी तीन वेगळ्या बैठका केल्या. सरावाच्या बैठकीवर मऊ गवत. तालमीच्या बैठकीवर पिवळी फुलं. राहत्या झाडाच्या नळ्याला तिने तांबडा गेरू फासला, आणि त्याच्या बैठकीवर स्वतःचे चार काटे उभे रोवले.

आजोबा पाहणीला आले. नेमके तांबड्या नळ्यापाशी टेकले. लगेच उठले. बरेच उंच उठले.

"अगं ए! बसलं की टोचतंय!"

"टोचायलाच हवं, आजोबा. तिथे अंडी आहेत."

"आम्ही एका नळ्यावर जन्म काढला," कासवकाका म्हणाले. एवढं म्हणायलाही त्यांना बराच वेळ लागला.

"आणि झाड बदललं, की दर वेळी उठून दुसरीकडे बसायचं?" घोरपडमावशींनी विचारलं.

"हो मावशी. उठताना आठवतं, आपण कुठं चाललोय ते."

"चार बुकं शिकलं, की काटे फुटतात," आजोबा चोळत म्हणाले.

नव्या नळ्यांत माती भरण्यात आली.

दुसऱ्या दिवशी थोरांची वामकुक्षी झाली. आजोबांना आठवलं, की उद्या नवशिके येणार, तर सरावाचं झाड रिकामं हवं.

"साळू, ओरड. सगळी घरटी देठापासून कुरतडून खाली पाडा!"

साळू जुन्या नळ्यापाशी गेली. तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

"टोक कुठं आहे?"

मावशींची जीभ बाहेर आली, ती बाहेरच राहिली.

"नियम माहीत आहे ना तुला?" आजोबा गरजले.

"आहे. टोक कुठं आहे?"

"सकाळी मी स्वतः सरावाच्या झाडाखाली ठेवलंय!"

"आणि दुपारी मावशींनी ते राहत्या झाडाखाली नेलं. झोपेच्या वेळी चिवचिव नको, असं दटावायला."

"पण ते परत ठेवायचं काम मी अंगावर घेतलं होतं," कासवकाका म्हणाले.

"मग ठेवलंत?"

"निघालोच आहे."

"बास!" आजोबांनी शेपटी आपटली. "थोरांचा शब्द आहे. ओरड, नाहीतर खडक सोड. तुझ्यासारखे घसे फांदीफांदीवर मिळतात."

राहत्या झाडावर त्या दिवशी बेचाळीस अंडी होती. साळूला ते ठाऊक होतं. थोरांना फक्त घरट्यांचा आकार ठाऊक होता.

"खुशाल हाकला," साळू म्हणाली. "पण आधी कुणीतरी नळ्याला कान लावा. दुपारी सरावाच्या झाडावर चिटपाखरू नसतं. नुसता वारा ऐकू येईल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कान लावला, तर ते विचारल्यासारखंच झालं असतं. शेवटी आजोबांनी कान खाजवल्यासारखं केलं, आणि खाजवता खाजवता तो नळ्याला टेकवला.

नळ्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "अहो वरच्या फांदीवरच्या! काड्या सांडू नका खाली! माझं दुसरं पिल्लू आत्ता बाहेर पडतंय!"

तो खडकावर सगळ्यांना ऐकू आला.

"मी ओरडणार नाही," साळू म्हणाली. "आत्ता नाही, आणि या नळ्यातून कधीच नाही."

मावशींनी जीभ आत घेतली. काका कवचात गेले. आजोबांना कवच नव्हतं. ते तसेच गप्प बसले.

तात्पर्य: थोर वेळेवर गप्प बसले, म्हणून बेचाळीस अंडी वाचली. तेव्हा मुलांनो, थोरांचा मान राखा, आणि त्यांना अशी संधी वरचेवर देत जा.