खिडकी क्रमांक चार

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एका वडिलांनी आपल्या मुलीचा पदव्युत्तर प्रवेश रद्द केला. मुलगी त्या वेळी समोरच बसली होती आणि वहीत लिहीत होती, 'खेळाडू पहिल्यांदाच हसला.'

मुलगी गेम डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला होती. या पदवीनंतर पंधरा वाटा खुल्या होतात, असं माहितीपत्रकात छापलं होतं. मागच्या तुकडीतला एक जण बँकेच्या ॲपमध्ये उड्या मारणारं नाणं काढतो, एकीने कारखान्यातल्या कामगारांसाठी हेल्मेट घालायचा खेळ बनवला आणि उरलेले याच अभ्यासक्रमाला शिकवतात. हिचं नशीब त्यातल्या त्यात बरं होतं. गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओने तिला टप्पे आखणारी लेव्हल डिझायनर म्हणून घेतलं होतं. अट एकच, पदवी या महिन्यात हातात हवी. त्यासाठी प्रकल्प आज दुपारी बाराच्या आत कॉलेजच्या पोर्टलवर जमा व्हायला हवा होता, आणि सोबत जन्मात कधी गेम न खेळलेल्या माणसावर केलेल्या चाचणीचा अहवाल.

असा माणूस घरातच होता. वडील एकतीस वर्षं सरकारी छाननी विभागात होते. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि आता ते डब्यांवरच्या तारखा तपासत.

"यांनाच बसव चाचणीला," आई औषधांच्या दुकानाला निघताना म्हणाली. "काल मीठ जुनं झालं म्हणून फेकायला निघाले होते."

"खेळायचं म्हणजे नक्की काय करायचं?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही खिडकी क्रमांक चारवरचे क्लार्क आहात. अर्ज येतील. त्रुटी शोधायची आणि मंजूर किंवा रद्द करायचं."

"आणि मग खेळ कधी सुरू होतो?"

"हाच खेळ आहे."

"यासाठी दोन वर्षं शिकलीस? मला विचारलं असतंस तर चहा पिता पिता सांगितलं असतं."

चाचणीचे नियम तिच्या मार्गदर्शकांनी घालून दिले होते. डिझायनरने एक शब्द बोलायचा नाही. पडद्याकडे बघायचं नाही, बघितलं की मदत करायला हात शिवशिवतात. फक्त खेळाडूचा चेहरा बघायचा आणि टिपत राहायचं. म्हणून ती लॅपटॉपच्या पाठीमागे, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली.

दहा पंचवीसला गेम आपोआप बंद पडला. विद्यार्थ्यांचे गेम पडतातच. त्याच्याखाली कॉलेजचं पोर्टल उघडं होतं, प्रकल्प जमा करायचा तिचाच अर्ज अर्धवट भरलेला. वडिलांना फरक कळला नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. गेममधली खिडकी तिने कॉलेजच्या पोर्टलवरूनच बेतली होती. तोच राखाडी रंग, तीच बटणं, तोच आळस. यापेक्षा त्रासदायक नमुना तिला शोधूनही सापडला नव्हता.

वडील पुढे सरकले, चष्मा वर केला.

"हा अर्जदार ओळखीचा दिसतोय," ते म्हणाले. "पण इथे वशिला चालायचा नाही."

'खेळाडू पात्रांशी नातं जोडतो,' तिने टिपलं.

"मार्गदर्शकाची सही नाही. फोटो जुना. अहवालाची जागा कोरी. काय हे!"

'पूर्ण गुंतला आहे.'

त्यांनी रद्दचं बटण दाबलं; पोर्टलवर ते प्रवेशच रद्द करण्याचं होतं. पोर्टलने खात्री आहे का म्हणून तीनदा विचारलं. एकतीस वर्षांत कुणी त्यांना तीनदा विचारलं नव्हतं, ते सुखावले. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. पडताळणीसाठी पोर्टलवर पालक म्हणून त्यांचाच नंबर दिलेला होता.

"अगं, फोनवरसुद्धा आकडे येतात! कमाल आहे हं तुझी!"

'फोनमुळे लक्ष विचलित,' तिने लिहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. वडिलांनी सहा आकडे भरले. कारणाच्या रकान्यात दोन बोटांनी, सावकाश टाइप केलं: 'सदर अर्जदाराने दोन वर्षांत नेमके काय केले याचा बोध होत नाही.' आणि हसले.

अकराला तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"बाबा."

"सोपा होता गं. एक तर पहिल्या फटक्यात उडवला."

"तो अर्जदार मी होते, बाबा."

वडिलांनी पडदा पुन्हा वाचला, मग कारणाचा रकाना वाचला. "हे मी त्या गेममधल्या पोरीबद्दल लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले.

तिने मार्गदर्शकांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"चाचणीत तू मध्ये बोललीस का?"

"नाही, सर."

"उत्तम. खेळाडूला खरं आणि खोटं वेगळं करता आलं नाही, म्हणजे डिझाइन जमलं. मी पैकीच्या पैकी गुण दिले असते."

"असते म्हणजे?"

"तू आता विद्यार्थिनी नाहीस ना."

दुपारी दोनला बापलेक कॉलेजच्या प्रवेश विभागात पोचले. खिडकीतल्या क्लार्कने प्रवेश रद्द झाल्याचा छापील कागद दोनदा वाचला.

"रद्द करणं नियमाला धरून आहे. कारणही चोख लिहिलंय. कुणी लिहिलं?"

"मी," वडील म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाने जरासा वर गेला. मुलीने बघितल्यावर खाली आला.

"पूर्ववत करायचं तर विद्यार्थ्याचा अर्ज लागतो."

"हा घ्या, आणलाय." वडिलांनी मुलीचा अर्ज पुढे केला.

"त्या विद्यार्थिनी नाहीत."

"बरोबर आहे यांचं," वडील मुलीला म्हणाले. मग ते खिडकीवर ओणवे झाले. "साहेब, चूक माझी आहे. मला तो खेळच वाटला. पोरीची नोकरी जाईल हो. तिने काय केलंय ते मला आज कळलं."

क्लार्क विरघळला, म्हणजे त्याने पेनाचं टोपण काढलं. "पाचच्या आत सही झाली तर प्रकल्पही आजच्याच तारखेला जमा धरू. पण खेळ समजून झालं म्हणता, तर तो खेळ पुराव्यादाखल दाखवा."

मुलीने लॅपटॉप खिडकीतून आत सरकवला. तिचा अर्ज क्लार्कने कोपराखाली ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

तीन वाजता खिडकीवर 'थोड्या वेळाने या' ही पाटी लागली. मागची रांग निमूटपणे भिंतीकडेला बसली. साडेतीनला शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून क्लार्कच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "त्याचा शिक्का उलटा आहे, उडवा," असं त्या म्हणाल्याचं बाहेर ऐकू आलं.

"साहेब, माझा अर्ज..." मुलीने तोंड उघडलं.

वडिलांनी तिचा दंड धरला. "चाचणी चालू आहे," ते कुजबुजले. "मध्ये बोलायचं नाही."

"बाबा, साडेचार वाजलेत!"

"चेहरा बघ त्यांचा."

तिने बघितला. वही उघडली.

चार पन्नासला क्लार्कने सत्तावन्नावा अर्ज रद्द केला होता. खरा अर्ज कोपराखालीच होता. गेम अजून एकदाही बंद पडलेला नव्हता.