कासमभाईंचा शनिवार

ओमानच्या जबल अख्दर डोंगरावरच्या एका सफरचंदाच्या झाडाची फांदी कोणी मोडली, हे सांगायचं मी आठ वर्षं टाळत आलो. आता माझं वय झालं, आणि ज्यांना आधी सांगायला हवं होतं ते ऐकायला उरले नाहीत. तेव्हा लिहूनच टाकतो. पण फांदीपर्यंत जायला आधी डोंगर चढावा लागतो, आणि कासमभाईंच्या गाडीतून चढल्याशिवाय तो डोंगर चढल्यासारखा वाटतच नाही.

ऐन जुलैत ओमानमध्ये धावत्या गाडीचा एसी बंद करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. गंमत म्हणजे तो स्वतः एसी मेकॅनिक होता. डोंगराच्या पायथ्याला पोलीस चौकी आहे. गाडी चारही चाकांनी ओढणारी असेल तरच पोलीस वर सोडतात. ती चौकी ओलांडली की कासमभाई एसीचं बटण दाबून बंद करायचे, चारही काचा खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "यल्ला! आज माझी सुट्टी. मशीनची पण सुट्टी."

बाहेर त्रेचाळीस डिग्री. आत आम्ही सगळे वाफेवर ठेवलेल्या मोदकांसारखे.

मग कासमभाई डावा हात खिडकीबाहेर काढायचे. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. एसीच्या जाळीपुढे धरतात तशी. आणि प्रत्येक वळणाला आकडा सांगायचे. "अडतीस." पुढचं वळण. "सदतीस, जरा वरती." मी मोबाइलमध्ये बघायचो. आकडा जुळायचा. एकदा जुळला नाही तेव्हा कासमभाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "साळवीसाहेब, तुमच्या मोबाइलला सर्व्हिसिंग पायजे."

सत्तावीस आले की आम्ही वर पोहोचलेले असायचो. गाडीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "आहा!" निघायचा. त्यावर कासमभाई असे मान डोलवायचे, जणू त्या डोंगराचा गॅस त्यांनीच भरलाय.

खाली शहरात, अझैब्याच्या एका मेंटेनन्स वर्कशॉपमध्ये आम्ही बावीस वर्षं एकत्र काढली. मी स्टोअरकीपर, मूळचा चिपळूणकडचा. ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे. माझी बायको सुमन आणि मुलगा इथे माझ्याजवळ होते. कासमभाईंच्या आमिनाभाभी आणि दोन मुली गावी. मेकॅनिकच्या पगारात घर इथे आणता येत नाही. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत तिघांबरोबर ते राहायचे, आणि सगळ्या जगाला एसीच्या भाषेत मोजायचे. कुणी गप्प बसला की "याचा गॅस कमी झालाय." कुणी फार बोलला की "थर्मोस्टॅट अडकलाय." आमच्या मॅनेजरबद्दल त्यांचं मत एकाच वाक्याचं होतं: "आवाज भरपूर, कूलिंग नाय."

वर्षातून एक शनिवार मात्र त्यांचा स्वतःचा. जुलैच्या सुरुवातीला त्यांचा प्रश्न यायचा, "साळवीसाहेब, शनिवार मोकळा हाय काय?"

शनिवारच का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "शुक्रवारी माझा नमाज. शनिवारी तुमचा उपास. उपासाला फळ चालतं ना? मग बसला की हिशेब!"

वरची बाग होती अर्बाब नासेर यांची. अर्बाब म्हणजे मालक. डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांतून खळाळणारा पाट, डाळिंबं, अक्रोड, आणि खालच्या तीन पायऱ्यांवर सफरचंदं. दुकानातल्यासारखी चकचकीत नव्हेत. लहान, थोडी वाकडी, एका गालावर लाल. कधीतरी कासमभाईंनी अर्बाबची शीतखोली दुरुस्त केली होती आणि मजुरी न घेता म्हणाले होते, वर्षातून एक दिवस झाडाखाली बसू द्या. तेव्हापासून हा शनिवार लागू झाला.

अर्बाबचा नियम एकच. ते हिंदी बोलायचे ती अर्धी तोंडाने आणि अर्धी हातांनी. हात वर ताणून दाखवायचे. "हाथ इधर तक? तुम्हारा. उसका ऊपर? चिड़िया का." काठी नाही, चढणं नाही, फांदी ओढणं नाही. हाताला येईल ते तुमचं, वरचं पाखरांचं.

या नियमाचं कासमभाईंनी शास्त्र केलं होतं. नवीन पाहुण्यांना ते झाडाखाली रांगेत उभं करायचे. "हा आंबा नाय. आंब्याला हिसका लागतो. याला हिसका नाय, विनंती लागते. तळहात खाली घ्या, फळ थोडं वर उचला, आणि थर्मोस्टॅटचा खटका फिरवता तसं पाव फेरा. आलं तर आपलं. नाय आलं तर?"

"सोडायचं," आम्ही शाळेसारखं एका सुरात म्हणायचो.

"का सोडायचं?"

"ते नाही म्हणालं."

"शाब्बास. फळाची ना म्हणजे ना."

सुमनला हे फार आवडायचं. ती प्रत्येक फळापुढे पुटपुटायची, "येतोस का रे बाबा?" आणि एखादं हातात आलं की ओरडायची, "कासमभाई, हो म्हणाला!" ते दुरूनच विचारायचे, "गॅस फुल्ल हाय काय बघा, वहिनी!" सुमन चावा घ्यायची, रस हनुवटीवरून ओघळायचा, आणि ती अंगठा वर करायची. दुपारी पाटात पाय सोडून आम्ही तिने आणलेली उपासाची थालीपिठं खायचो. कासमभाई चार खायचे आणि पाचवं रुमालात बांधून ठेवायचे. "हे उद्याला. उद्या परत खोलीतला डाळभात."

एका वर्षी मी त्यांना म्हटलं, "कासमभाई, तुम्ही स्वतः दोनच सफरचंदं तोडता. बाकी वेळ आमच्याकडेच बघत बसता. मग एवढा घाट घालताच कशाला?"

ते हसले. "साळवीसाहेब, तुमच्या गाडीत रोज कोणीतरी बडबडतं. 'एसी कमी करा', 'हळू चालवा', 'ते पाणी द्या इकडं'. माझ्या गाडीत वर्षभर फक्त गॅसचे सिलिंडर. एक दिवस माझी पण गाडी घरासारखी वाजायला नको?"

मी हसून सोडून दिलं. तेव्हा मला वाटलं, विनोदच केला त्यांनी.

आता फांदी.

त्या वर्षी गाडीच्या मागच्या भागात एक झेला पडला होता. बरका गावातल्या एका बागेतले आंबे उतरवायला कासमभाईंनी तो स्वतः बनवला होता. ॲल्युमिनियमचा लांब दांडा आणि टोकाला एसीच्या जुन्या फिल्टरची जाळी शिवून केलेली झोळी. आंब्याचा हंगाम संपला, झेला गाडीतच राहिला.

जेवणं झाली होती. कासमभाई अक्रोडाखाली तोंडावर टोपी घेऊन आडवे झाले. अर्बाब वरच्या पायरीवर पाणी सोडत होते. सुमन पाटाकडे जाता जाता म्हणाली, "ते टोकाचं बघा ना, किती लाल आहे. तेवढं एक मिळालं असतं तर..." आणि गेली.

मी कोकणातला माणूस. लाल फळ उंचावर दिसलं आणि गाडीत झेला आहे हे ठाऊक असलं, की डोक्यातलं सगळं शास्त्र पुसलं जातं. मी झेला आणला. झोळीत फळ घेतलं. आणि सवयीने, आंब्याला देतो तसा हिसका दिला.

आंब्याचा देठ तुटतो. सफरचंदाने देठ सोडला नाही, फांदीच खाली आली. मनगटाएवढी जाड, बुंध्याजवळ अर्धी चिरलेली, सालीवर लोंबकळणारी. आवाज एवढा मोठा झाला की अक्रोडावरची पाखरं उडाली.

मी काय केलं? झेला झाडाला टेकवला आणि पाटावर जाऊन हात धुऊ लागलो. साठीला आलेला माणूस, आणि चोरून साखर खाल्लेल्या पोरासारखा हात धूत होतो.

अर्बाब खाली आले. फांदीकडे बघितलं, झेल्याकडे बघितलं. "लकड़ी किसका?"

कासमभाई डोळे चोळत उठून बसले होते. त्यांनी झेला बघितला. मग माझ्याकडे बघितलं. माझे हात कोपरापर्यंत ओले होते.

"मेरा," ते म्हणाले.

आणि ते खरंच होतं. झेला त्यांचाच होता.

अर्बाब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "कासम. खलास."

मी तीन पावलांवर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण तेवढ्यात सुमन धावत आली, आणि तिच्यासमोर ते बाहेर पडेना.

उतरताना कासमभाईंनी काचा वर घेतल्या आणि एसी लावला. पहिल्यांदाच. मग सुमन म्हणाली, "कासमभाई, तुम्ही असं कसं केलंत हो? तुम्हीच आम्हाला शिकवता ना?"

"झालं वहिनी. हात हाय, घसरतो."

"झेला आणायचाच कशाला मुळात?" ती माझ्याकडे वळली. "हो की नाही हो?"

मी म्हणालो, "हो ना."

आठ वर्षं मला फांदीने नाही छळलं. या दोन अक्षरांनी छळलं.

कासमभाईंनी आरशात बघितलं आणि हलकेच म्हणाले, "साळवीसाहेबांचा गॅस उतरलेला दिसतोय. एसी वाढवू काय?"

पुढच्या जुलैत त्यांचा फोन आला. "साळवीसाहेब, शनिवार मोकळा हाय काय?" बागेचं फाटक तर बंद झालं होतं. मग हे मला कुठे नेणार? एकट्याला गाठून विचारणार, असंच मी धरून चाललो. म्हणालो, गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या वर्षी मुलाचे सासरे आले होते. त्यानंतर परत गुडघा. चार जुलै, चार फोन, चार सबबी. वर्कशॉपमध्ये रोज भेट व्हायची, चहा व्हायचा, मॅनेजरच्या कूलिंगवर हसणं व्हायचं. सफरचंदाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांचं इथलं काम संपलं. विमानतळावर मी सोडायला गेलो तो ठरवूनच, की आज सांगायचं. त्यांच्या खोक्याला दोरी बांधली, वजन करून आणलं, दोनदा घसा खाकरला. आणि विचारलं काय, तर, "गावी एसी लावणार का हो?"

"छे! आता नुस्ता पंखा," ते म्हणाले. आत जाताना वळले. "तेवढे शनिवार राहून गेले, साळवीसाहेब."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या पुतण्याचा निरोप आला.

या जुलैत मीच मुलाला म्हटलं, डोंगरावर ने. तो आता बौशरला असतो, मी त्याच्याकडेच राहतो. सुमनही निघाली. चौकी ओलांडल्यावर मी काच खाली घेऊन हाताची मागची बाजू बाहेर धरली. मला नुसता वारा लागला. आकडा काही कळला नाही.

अर्बाब नासेर फार म्हातारे झालेत. कहवा आणि खजूर पुढे ठेवले, आणि पहिलाच प्रश्न, "कासम किधर?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग मी, शेजारी सुमन बसलेली असताना, म्हणालो, "अर्बाब, वो डाली मैंने तोड़ी थी. कासमने नहीं."

"मालूम," ते म्हणाले.

उठले, काठी टेकत मला त्या झाडापाशी घेऊन गेले. फांदी जागेवर होती. बुंध्याजवळ, चिरलेल्या जागी, एसीच्या पाइपांवर चढवतात तो काळा फोम गुंडाळलेला होता आणि त्यावर चांदीसारखी पट्टी. उन्हाने पट्टी सोलवटली होती. आतली साल कधीच भरून आली होती. फांदी फळांनी वाकली होती.

"दूसरा शनिवार कासम आया," अर्बाब सांगू लागले. "बाहर खड़ा. बोला, अर्बाब, दस मिनट, पट्टी करेगा. किया. मैं बोला, कासम, तेरा हाथ मैं जानता, तू नहीं तोड़ा. कौन? बोला, घर का आदमी है. खुद बोलेगा, तब साथ में आएगा." त्यांनी हात फाटकाकडे केला, या वेळी उलट्या बाजूने, आत बोलावल्यासारखा. "फाटक खुला. हर साल मैं फोन करता, कासम, आओ. वो बोलता, अर्बाब, मेरा आदमी का शनिवार खाली नहीं."

मागून सुमनचा आवाज आला. "आणि त्या दिवशी गाडीत 'हो ना' कोण म्हणालं होतं?"

मी वळलो नाही. समोर एक सफरचंद होतं, अगदी हाताच्या उंचीवर. तळहात खाली घेतला, थोडं वर उचललं, पाव फेरा दिला. आलं नाही. मी सोडलं.

विमानतळावर घसा खाकरून जे म्हणायचं होतं, ते एवढंच होतं. कासमभाई, झेला तुमचा होता, पण हात माझा होता. तुम्ही चार वर्षं विचारत राहिलात आणि मी गुडघ्यामागे लपलो. मला माफ करा. शनिवार मोकळा आहे.