दामले वाचतात, पुणं जिंकतं

त्या शुक्रवारी गोपाळकृष्ण दामल्यांनी बायकोचं ऐकायचं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दामल्यांना कबड्डीचं वेड लागलं होतं. खेळायचं नव्हे, बघायचं. (खाली बसले तर उठताना त्यांना दाराची चौकट लागते.) लीगचे सामने सुरू झाले की सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटवर खराडीहून संभाजीराव गव्हाणे यायचे, वरच्या मजल्यावरून केयूर उतरायचा आणि तिघं मिळून पुण्याच्या संघाला इतक्या मोठ्यानं सूचना द्यायचे, की त्या खेळाडूंपर्यंत थेट पोचाव्यात. संभाजीराव एकदा दामल्यांकडे पॉलिसी काढायला आले होते. दुपारभर कबड्डीवर बोलून पॉलिसी न काढताच घरी गेले. मैत्री तेव्हापासूनची.

त्या शुक्रवारी पुणं नऊ गुणांनी मागे होतं. दामले टीव्हीसमोर उभे राहून खेळाडूंच्या खानदानाबद्दल शंका व्यक्त करत होते. सरोजिनीबाई आतून आल्या. त्या पेठेतल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यामुळे आवाज न चढवता अपमान करायची त्यांना सवय आहे.

"अहो, ते लोक तुमचं ऐकत नाहीयेत. मी मात्र मघापासून ऐकतेय. हे वाचा जरा," असं म्हणत त्यांनी हातातलं पुस्तक नवऱ्याला दिलं. गच्चीवर दुधी कसा लावावा, यावरचं.

दामले मुकाट्यानं खाली बसले. 'दुधीला आधार लागतो' हे पहिलं वाक्य त्यांनी वाचलं आणि पुण्याचा गडी एका चढाईत तिघांना बाद करून आला. दामल्यांनी दचकून वर पाहिलं. पुढच्या चढाईत आपला गडी पकडला गेला. त्यांनी पुन्हा पुस्तकात पाहिलं. दोन गुण.

"साहेब," संभाजीराव हलक्या आवाजात म्हणाले, "मान वर करू नका."

"अहो, पण मॅच..."

"मॅच आमी बघतो. तुमी दुधी बघा."

दुधीला कळ्या धरेपर्यंत पुणं जिंकलं होतं.

पुढचे दोन्ही सामने दामले वाचत बसले आणि पुण्यानं ते दोन्ही जिंकले. केयूर खराडीच्या आयटी पार्कात दिवसभर आकडेमोड करतो. तो म्हणाला, "काका, सॅम्पल लहान आहे, पण पॅटर्न सॉलिड आहे." आणि त्यानं ते चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

त्या ग्रुपवर तोवर फक्त पंचांना शिव्या असायच्या. आता सामन्याच्या आधी विचारणा होऊ लागली, 'सध्या कोण काय वाचतंय?' कात्रजचा एक जण शेळीपालन वाचत होता, वारज्याचा एक ज्ञानेश्वरीवरचं भाष्य. हळूहळू शास्त्र तयार झालं. प्रवासवर्णन चढाईला चांगलं, कारण माणूस जाऊन सुखरूप परत येतो. रहस्यकथा पकडीला चांगली. कवितेनं सामना बरोबरीत सुटतो. कोथरूडचे एक प्राध्यापक 'अपयश पचवावे कसे' या विषयावरचं पुस्तक वाचताना सापडले, त्यांना ग्रुपमधून काढण्यात आलं.

पुणं अंतिम फेरीत पोचलं. दामल्यांनी दरम्यान एकही चढाई पाहिली नव्हती. त्यांना टीव्हीकडे पाठ करून बसवत. "किती झाले?" विचारलं तर दोघांचं एकच उत्तर यायचं, "वाचा."

आणि दामले खरंच वाचू लागले होते. सरोजिनीबाईंना तर स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांना वाटलं, इतकी वर्षं सांगितलं त्याचं चीज झालं. वाचनालयात महाबळेश्वरच्या बंगल्यातल्या खुनाची एक नवी कादंबरी आली होती. तिच्यासाठी निम्मे सभासद नंबर लावून बसले होते. सरोजिनीबाईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी तो नवऱ्याला दिला. (लग्नात त्यांनी नवऱ्याला अंगठी दिली होती. त्यानंतरची ही मोठी भेट.)

मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचक मेळाव्यात तुमचा सत्कार आहे. साठीनंतर वाचनाकडे वळलेले सभासद म्हणून."

शनिवारी संध्याकाळी अंतिम सामना होता.

दामल्यांनी तोंड उघडलं. पण सरोजिनीबाईंचा चेहरा असा फुलला होता, की त्यांनी ते जांभई देऊन मिटलं. बायको चारचौघांत आपल्याबद्दल अभिमानानं बोलतेय, हे त्यांना नवीन होतं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

"मग आपणच तिकडं जायचं," संभाजीरावांनी निकाल दिला. "वाचायला जागा कशाला बघायची? वाचनालयच हाय ते."

शनिवारी वाचनालयाचा हॉल भरला. दरवर्षी जेमतेम चार रांगा भरायच्या, यंदा ऑफिसातल्या खुर्च्या आणाव्या लागल्या. तगडी तगडी माणसं काखेत पुस्तकं घेऊन येत होती आणि बसताक्षणी वाचायला लागत होती. अध्यक्षा यमुनाबाई परांजप्यांनी स्वतः उचलून दोन खुर्च्या लावल्या. "आणि लोक म्हणतात, वाचनसंस्कृती संपली," त्या सरोजिनीबाईंना म्हणाल्या.

केयूर पहिल्या रांगेत होता. एका कानात इयरफोन, हातात 'पन्नास चटण्या' आणि चटण्यांच्या आत मोबाईल. दामले स्टेजवर, कादंबरीत डोकं घालून.

यमुनाबाईंनी शाल घातली. दामल्यांनी मान वर केली नाही. नारळ दिला, तो त्यांनी न बघता चाचपडत घेतला. "काय ही तन्मयता," यमुनाबाई माईकवर म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. सरोजिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले.

दामल्यांची शेवटची दोन पानं उरली होती. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं होतं. केयूरनं दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून मागच्या रांगांना खूण केली, बरोबरी. मग एक बोट वर केलं, शेवटची चढाई.

"आता दामल्यांनी दोन शब्द बोलावेत," यमुनाबाई म्हणाल्या.

दामले पुस्तकासकट उठले, माईकपाशी आले आणि मान वर करणार इतक्यात मागून संभाजीरावांचा आवाज आला, "साहेब, वाचत राहा."

माईकसमोर गप्प उभं राहता येत नाही आणि वाचन थांबवता येत नाही. दामल्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, माळी निर्दोष आहे. पुतण्याही निर्दोष आहे. त्या रात्री सरबतात विष घातलं ते दुसऱ्या कोणी नव्हे, तर खुद्द दंतवैद्य साने यांनी.'"

मग अर्धा हॉल खुर्च्यांवर चढून नाचू लागला, कारण पुणं जिंकलं होतं. उरलेला अर्धा जागच्या जागी बसून होता, कारण त्यांचा नंबर अजून यायचा होता.

"गणपतीपासून थांबलोय मी," एक आजोबा म्हणाले.

यमुनाबाईंनी शाल परत मागितली नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "ती घडी करून खुर्चीवर ठेवलीत तरी चालेल."

बाहेर दामल्यांनी कानांवर हात ठेवले होते. पुणं जिंकलं एवढं कळलं, कसं जिंकलं ते कुणीही सांगू नये, उद्या सकाळी पुनःप्रक्षेपण आहे, ते आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, अशी त्यांनी सगळ्यांना गळ घातली. सरोजिनीबाई केयूरच्या स्कूटरपाशी गेल्या आणि त्याला फार गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, मला जरा पहिल्यापासून सांग बघू." केयूरनं दुधीपासून सगळं सांगितलं.

रविवारी सकाळी दामले चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. किती दिवसांनी तोंड पडद्याकडे होतं. शिट्टी झाली. शेजारी सरोजिनीबाई मेथी निवडायला बसल्या.

"अहो."

"हं."

"तो उंच मुलगा आहे ना, डाव्या कोपऱ्यातला. शेवटच्या चढाईत तोच दोघांना बाद करतो. आपले दोन गुण. आणि कॅप्टन मध्यंतरानंतर लंगडत बाहेर जातो, तेव्हा जीव टांगणीला लावू नका. परत येतो तो."

दामल्यांच्या हातातला कप बशीत आला.

सरोजिनीबाईंनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि मेथीची दुसरी जुडी नवऱ्यापुढे सरकवली. "दोन्हीचा शेवट कळलाय तुम्हाला. आता मोकळेच आहात."

दामले मेथी निवडायला लागले. (बऱ्याच वेळानं सरोजिनीबाईंनी पाहिलं, तर दामल्यांनी पानं टाकून काड्या ठेवल्या होत्या.)