गोपनीय किल्लीच्या तीन प्रती

जिल्हा दाखले जतन मंडळाच्या सोलापूर कार्यालयाने आपले सगळे जुने दाखले एका कंपनीच्या क्लाउडवर सुरक्षित ठेवले आणि त्या दिवसापासून ते कुणालाच मिळेनासे झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही प्रगती समाधानकारक होती.

दाखले परत खाली आणण्याचं काम अनिमेषच्या गळ्यात पडलं. त्याने एक तयार लायब्ररी घेतली, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर चालायची आणि कंपनीच्या दाराशी जाऊन ओळख पटवायची. तिच्या हाती फक्त चाळीस अक्षरांची गुप्त किल्ली द्यायची. सहा ओळींत प्रोग्राम झाला. शुक्रवारी सकाळी किल्ली आली, तेव्हा समोरच्या बाकावर मंद्रूपची कौसर बसली होती. तिला जन्मदाखला हवा होता. नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे," अनिमेष तिला म्हणाला. नोकरीत तो नवा होता.

हेडक्लार्क वेणीमाधवरावांनी चष्मा पुसून लावला. "किल्ली गोपनीय आहे?"

"अत्यंत."

"मग गोपनीय कागदाच्याच नियमाने जाईल. तीन साक्षांकित प्रती काढा. एक आवकला, एक फाइलला, एक साहेबांना. प्रोग्रामच्याही तीन. आणि साहेबांची सही होईपर्यंत किल्ली लावायची नाही, हे लेखी घ्या."

अनिमेष जिना उतरून शहाजीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. शहाजी ऑनलाइन फॉर्मही भरून द्यायचा. "लई बारीक अक्षर हाय की," तो म्हणाला. प्रोग्रामची पहिली प्रत काळी आली. "ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणत त्याने ती खणात सारली.

वर पडताळणी सुरू झाली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं. "कॅपिटल के, लहान क्यू, सात..." रांगेतले लोक आधी कंटाळले, मग मदतीला आले. "सात न्हाय, एक हाय त्यो," मैंदर्गीचे एक आजोबा मागून डोकावत म्हणाले. त्यांचंच बरोबर निघालं.

मग पारदर्शकतेच्या आदेशानुसार किल्ली असलेलं कंपनीचं पत्र मंडळाच्या वेबसाइटवर चढवण्यात आलं. नऊ मिनिटांत कंपनीच्या यंत्रणेला आपली किल्ली चव्हाट्यावर दिसली आणि तिने ती रद्द केली.

"कंपनी बेजबाबदार दिसते," वेणीमाधवराव म्हणाले. "दुसरी मागवा."

दुसरी किल्ली दुपारी तीनला आली. बाकाकडे बघायची अनिमेषला लाज वाटू लागली होती. कौसर उठून टेबलाशी आली.

"साहेब, पाचला कॉलेज बंद व्हतंय. द्या, मीच काढून आनते प्रती."

गोपनीय कागद अर्जदाराच्या हाती देऊ नये, असं कुठल्याच नियमात नव्हतं. ती वीस मिनिटांनी परत आली. तीन प्रती तिने टेबलावर ठेवल्या आणि चौथा कागद अनिमेषला दाखवला. तो तिचा जन्मदाखला होता, मंडळाच्या डिजिटल सहीसकट.

"शहाजीमामांनी खणातला तुमचा काळा कागद काढला, त्यावरच्या सहा ओळी आन् ही किल्ली टाइप केली. तुमी म्हनाला व्हता तसंच, अर्धं मिनिट लागलं."

अनिमेषला इतका आनंद झाला की तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. कौसर रिक्षा गाठायला धावली.

"दाखला मिळाला? कार्यालयाशिवाय?" वेणीमाधवराव हादरले. "हा सुरक्षेचा गंभीर भंग आहे. शहाजीचा जबाब घ्या. तीन प्रतींत."

शहाजीने जबाब आनंदाने दिला आणि त्याच्या प्रतीही काढल्या. पहिली तिरकी आली, ती खणात गेली.

"या खणात आहे तरी काय?" अनिमेषने विचारलं.

शहाजीने खण पूर्ण ओढला. आधार, पॅन, पासबुकं, काळ्या आणि तिरक्या प्रतींचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. सगळ्यात वर अनिमेषचंच आधारकार्ड होतं. "टाकवत न्हाय ओ," शहाजी म्हणाला. "लोकं इस्वासानं ठिवून जात्यात."

तुम्ही हसताय, हसा. तुमची प्रत दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. जराशी तिरकी आली होती, म्हणून तुम्हीच म्हणाला होतात, राहू द्या इथंच. जन्मतारीख आणि पत्ता मात्र स्वच्छ वाचता येतो.