काखेतले सदतीस अंश

तपासणीच्या दिवशी, दुपारी पावणेदोनला, बाईंनी कुप्या उबवायच्या विजेच्या भांड्यावर, वॉटर बाथवर, सदतीसऐवजी त्र्याहत्तरचा आकडा लावला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी पांढरी चादर वाऱ्याने फुगत होती, पुन्हा मिटत होती. बघता बघता बाईंना वाटलं, गुडघ्यातल्या हाडांवरची मऊ कूर्चा बरी होताना अशीच श्वास घेत असेल.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे तंद्रीबाई म्हणत. घरी नवराही म्हणे, पण जरा प्रेमाने.

त्यांचं सगळं काम एका जेलवर चाललेलं. कोळंबीच्या टरफलांतून काढलेल्या पदार्थाचं ते जेल. साधी जेली थंड केली की धरते. ह्याची खोपडी उलटी. बर्फात पाण्यासारखं पातळ, आणि अंगाची ऊब मिळाली की घट्ट. म्हणजे सुईने गुडघ्यात थंडगार रस सोडायचा, तो आतल्या आत धरायचा, आणि त्याच्या जाळीत नव्या पेशींनी हळूहळू संसार थाटायचा. चार वर्षं बाई त्या न दिसणाऱ्या संसारात रमल्या होत्या. आज जेल पास झालं, तर पुढच्या चाचण्यांसाठी इस्पितळात जाणार होतं. नाहीतर खोली शेजारच्या रंग विभागाला मिळणार होती. रंगवाले कालच येऊन टेपने भिंती मोजून गेले होते.

वॉटर बाथमध्ये तळापुरतंच पाणी आहे, हेही बाईंच्या ध्यानात नव्हतं. पाणी आटलं, कॉइल उघडी पडली, 'फट्' असा आवाज झाला आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. तेवढ्यात दार उघडून विभागप्रमुख आत आले, कोट-टायसकट. मागे तपासणीला आलेले म्हातारे, हाडांचे डॉक्टर, आणि त्यांच्यामागे, आवाज ऐकून धावत आलेला वायरमन.

"बाई, हे काय?" प्रमुख म्हणाले.

"वाफ आहे सर."

"ते दिसतंय हो मला!"

फ्रिज बंद. डब्यातल्या बर्फात जेलच्या चार कुप्या उरलेल्या, आणि बर्फ वितळायला लागलेला. प्रमुख म्हणाले, पलीकडच्या इमारतीतून गरम पाणी आणू. वायरमन म्हणाला, पाइपलाइनचं काम निघालंय, तिकडे नळच बंद आहेत. डॉक्टर हाताची घडी घालून, पंजे काखेत खुपसून शांत उभे होते. बाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि स्वप्नात बोलावं तशा बोलल्या, "काखेत ठेवू या."

"काय?"

"कुप्या. अंगाइतकीच ऊब हवी ना? मग अंगच घेऊ."

डॉक्टर खो खो हसले. "काखेत कळसा नि गावाला वळसा! द्या इकडे एक. पण बाई, तुमच्या अहवालात फक्त दहा मिनिटांचं लिहिलंय. माझं ऑपरेशन तासभर चालतं. तासाने जेलला पाणी सुटलं, तर मी काय करू?"

बाईंनी मान खाली घातली. तासाभराचा प्रयोग त्यांनी चारदा केला होता. चारही वेळा मध्येच तंद्री लागली आणि नोंदी राहून गेल्या.

चार कुप्या, माणसंही चारच. वायरमनही ओढला गेला.

"पण बाई, एका हाताने मी फ्यूज कसा बसवू?"

"दहा मिनिटं थांबा हो दादा."

दहा मिनिटांनी कुप्या उलट्या केल्या. बाईंच्या कुपीतलं जेल धरलं होतं. वायरमनच्याही. प्रमुखांच्या कुपीतलं मात्र सळसळत टोपणाशी आलं.

"म्हणजे माझ्यात ऊब नाही?" प्रमुख दुखावले.

"सर, तुम्ही ती कोटावरून धरलीय. आत घ्या. शर्टाच्याही आत."

प्रमुख लाल झाले. टाय चाचपत हळूच म्हणाले, "बनियन फाटकं आहे."

"माझंही फाटकंच आहे साहेब," वायरमन म्हणाला. "लाजायचं काय त्यात?"

प्रमुखांनी पाठ फिरवून कुपी आत सरकवली. आता उरली डॉक्टरांची. बाई वळल्या, तर डॉक्टर खुर्चीत मान कलती करून गाढ झोपलेले. दंड मात्र अंगाशी घट्ट.

"उठवू?" वायरमनने विचारलं.

"नको. तासच हवा होता ना त्यांना?"

खोलीत मऊ उजेड होता. यंत्रांची घरघर थांबली होती. इतकी वर्षं ती घरघर होती, हेच कुणाला माहीत नव्हतं. गच्चीवरची चादर फुगत होती, मिटत होती. पक्ष्याने अंडं उबवावं तसे प्रमुख हात दाबून बसले होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत होत्या.

"बाई, आता दिवे लावू का?" वायरमनने कुजबुजत विचारलं.

"थांबा हो," डोळे न उघडता प्रमुखच म्हणाले. "घाई कसली आहे?"

मग प्रमुखांनाही झोप लागली. भिंतीला टेकून, पकड मांडीवर ठेवून वायरमनही पेंगला. जागी राहिली ती एकटी तंद्रीबाई. चादरीकडे पाठ करून, घड्याळावर डोळे रोवून, दर पाच मिनिटांनी उठायची, डॉक्टरांचा दंड जागेवर आहे ना ते बघायची आणि वहीत लिहायची.

डॉक्टर जागे झाले ते पाखरासारखे टवटवीत होऊन. कुपी काढून त्यांनी उलटी केली. जेल हललं नाही. उजेडात धरून चष्म्यातून बघितली. पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता.

"किती वेळ झाला?"

"एक तास वीस मिनिटं."

"आणि तुम्ही जाग्या होतात?"

बाईंनी वही पुढे केली. सोळा नोंदी होत्या. डॉक्टरांनी त्या सगळ्या वाचल्या आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. "माझ्या थिएटरमध्ये अशी माणसं हवीत," ते म्हणाले.

आठवड्याने मंजुरीचं पत्र आलं. शिक्क्याखाली डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "प्रयोग एकदा करून भागत नाही. दर बुधवारी दुपारी दोन वाजता, वीज बंद ठेवून, पुन्हा करावा. मी जातीने हजर राहीन."

त्याखाली प्रमुखांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: "खुर्च्या दोन मांडाव्यात. पाठीला उशी असलेल्या."