वरवंट्याची सिद्धता

हातोडी मागायला खालच्या मजल्यावर जायचं नाही, एवढाच निर्णय तात्यांनी त्या सकाळी घेतला. पाळण्यावर तोरण लावायला एक खिळा ठोकायचा होता आणि हाताशी वरवंटा होता. (चाळीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला 'हाताशी आहे' आणि 'वापरावा' यांतलं अंतर कळायला हवं होतं.) तिसऱ्या घावाला खिळा होता तसाच राहिला आणि वरवंट्याचे दोन तुकडे झाले.

तो वरवंटा साधासुधा नव्हता. संध्याकाळी यामिनीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, बाळाचं बारसं होतं. बाळाच्या आधी पाळण्यात निजतो तो वरवंटा. त्याला कुंची घालायची, तीट लावायची, मग बाळाचा नंबर. तात्यांच्या बारशाला हाच निजला होता, यामिनीच्याही. तात्यांच्या आईंनी तो नव्या सुनेच्या, म्हणजे सरलाताईंच्या, हाती देताना "हा सांभाळ" एवढंच म्हटलं होतं. सरलाताईंनी तो त्रेचाळीस वर्षं सांभाळला. तात्यांनी अर्ध्या मिनिटात निकालात काढला.

सरलाताई यामिनीला आणि बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या होत्या. तात्यांनी तुकडे जुन्या पेपरात गुंडाळून कपाटात कोंबले आणि रिक्षा पकडली. मानकोली नाक्याच्या अलीकडे पाटे-वरवंटे विकणारी एक बाई बसते, हे त्यांना ठाऊक होतं. गोडाऊनच्या ट्रकांच्या रांगेत रिक्षा पाऊण तास अडकली.

"चाचा, पत्थर के लिए इतनी दूर? भिवंडी में कम पड़ गए क्या?" रिक्षावाल्याने विचारलं.

"वैसाच पत्थर होना, भाई. एकदम वैसाच." (घाबरले की तात्यांचं हिंदी मराठी होतं.)

जवळजवळ तसाच मिळाला. घरी येऊन तात्यांनी कागद घेतला. सरलाला सांगावं की सांगू नये? बायकोशी खोटं बोलू नये, हे पहिलं गृहीतक. खरं वाक्य बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे दुसरं. म्हणजे 'घरचा वरवंटा जागेवर आहे' हे वाक्य खरं ठरलं की निभावलं. पण त्यासाठी नवा आणि जुना वरवंटा एकच असायला हवेत. इथे नीतीचा प्रश्न संपून सत्ताशास्त्राचा, म्हणजे वस्तू 'तीच' कशाने ठरते याचा, सुरू झाला, आणि तात्यांना जरा बरं वाटलं. सत्ताशास्त्रात कोणी रंगेहाथ पकडला गेल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

दगडावरून काही ठरत नाही, दगड तर रोजच झिजतो. ठरतं ते कामावरून. जो बारशाला बाळाआधी पाळण्यात निजतो, तो घरचा वरवंटा. नवा आज निजणार आहे. म्हणून नवा हाच घरचा वरवंटा. खाली 'इति सिद्धम्' लिहून त्यांनी कागद खिशात ठेवला. छातीतली धडधड मात्र सिद्धता मानायला तयार नव्हती.

संध्याकाळी बायका जमल्या.

"अहो, वरवंटा धुतलात का?" सरलाताईंनी विचारलं.

"घरचा वरवंटा धुतला," तात्या म्हणाले. वाक्य खरं होतं. कान तापले.

कुंची घालायला वरवंटा धोंडूबाईने मांडीवर घेतला. शेलार गावाहून भाजी घेऊन येता येता ती तीस वर्षांत घरचीच झाली होती. तिने त्यावरून एकदाच हात फिरवला.

"सरलाबाय, ह्यो तो न्हाय."

"तो नाही म्हणजे?"

"तो कसा मासोळीवानी गुळगुळीत. ह्यो हाताला घासतोय. नवा हाय ह्यो."

सरलाताईंचा चेहरा उतरला. "अहो, आईंचा वरवंटा चोरीला गेला की काय?"

सिद्धता खिशात होती. पण सरलाताईंच्या मनात संशय आला तो चोरावर, नवऱ्यावर नाही. तिथेच तात्या खचले.

"चोरी नाही गं. मी फोडला. खिळा ठोकताना." आणि काय करावं ते न सुचून त्यांनी कागद तिच्या हातात दिला.

सरलाताईंनी आधी विचारलं, "पायावर नाही ना पडला?"

तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

मग सरलाताईंनी चष्मा लावून कागद वाचला. सगळ्या बायका थांबल्या.

"म्हणजे काम करेल तीच ती वस्तू?"

"हो."

"आणि काम करत नसेल तर?"

"तर... ती नव्हे."

"बाजार धोंडूबाई आणते. बिलं जावई भरतात. बल्ब मी बदलते. मग या कागदाप्रमाणे या घरात नवरा आहे का हो?"

"न्हाय निंगत, तात्या," धोंडूबाईने निकाल दिला.

खोलीभर हशा पिकला. सरलाताईंनी तुकडे आणायला लावले, गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "घाल गं त्या नव्याला कुंची. त्याचंही कधीतरी पहिलं बारसं व्हायचंच की."

"कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या" म्हणत नवा वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला, आणि मग बाळाचं नाव आल्हाद ठेवलं गेलं. तात्या कोपऱ्यात उभं राहून मनोमन सरलाताईंचे आभार मानत होते. धोंडूबाईचे त्याहून जास्त. तिने पकडलं नसतं, तर ती सिद्धता त्यांना जन्मभर खिशात घेऊन फिरावी लागली असती.

पाहुणे गेल्यावर नवरेपण कामाने मिळवायचं ठरवून तात्यांनी स्वतः चहा केला आणि कप सरलाताईंपुढे ठेवला. सरलाताईंनी एक घोट घेतला. कप हळूच लांब सरकवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही नवरा आहात हे मी गृहीत धरते. सिद्ध करायला जाऊ नका."