गुडघ्याला ऊन

आमच्या घानातल्या कुमासी शहरात ऊन फुकट मिळतं, म्हणूनच मी ते कधी घेतलं नाही. मी जमिनीच्या कचेरीत हेडक्लार्क. पडदे ओढलेली खोली, गारेगार एसी आणि वर कोट. घाम गाळायचा तो शिपायाने! (काम पण त्यानेच करायचं, पण तो विषय वेगळा.)

तर गेल्या आठवड्यात माझा उजवा गुडघा टम्म सुजला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"अंगात दाह भरपूर, आणि व्हिटॅमिन डी नावाला."

"म्हणजे डी कमी म्हणून सूज?"

"किंवा सूज आहे म्हणून डी कमी दिसतंय. आमच्यातच अजून एकमत नाही. गोळ्या घ्या आणि रोज थोडा वेळ उन्हात बसा, खांदे उघडे टाकून."

शनिवारी सासूबाई यायच्या होत्या. बारा वर्षांत पहिल्यांदा! 'त्या कारकुनाच्या घरात पाऊल ठेवणार नाही' म्हणणाऱ्या बाई अखेर विरघळल्या होत्या. माझी बायको सेरवा त्यांना आणायला पहाटेच मांपोंगला गेली. एवढ्या मुश्किलीने जुळत आलेलं, आणि मी लंगडत सामोरा जाऊ? छे! उन्हाचा पहिला डोस मी सकाळीच घ्यायचं ठरवलं.

आता, हेडक्लार्क माणसाने अंगणात बनियनवर बसायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. खांदा उघडा टाकायची आमच्याकडे एकच प्रतिष्ठित रीत, अंगाला कापड गुंडाळायचं. चांगली कापडं बायकोच्या कपाटात कुलूपबंद होती. खुंटीवर होतं ते दुखवट्याचं, काळं. (दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा अंत्यविधी असतोच, त्यामुळे ते बिचारं कपाटापर्यंत पोचतच नाही.) तेच गुंडाळलं, फाटकाशी खुर्ची टाकली, पाय स्टुलावर ठेवला आणि कळ सोसत रडवेल्या तोंडाने बसलो.

पाच मिनिटांत समोरचे ओपोकू आले. ते मंडप आणि खुर्च्या भाड्याने देतात. माझं कापड बघून त्यांचा चेहरा उतरला. पण कोण गेलं हे तोंडावर विचारणं आमच्यात असभ्य.

"वहिनी कुठेयत?"

"पहाटेच मांपोंगला धावली. आईकडे."

"अरेरे! आलं ध्यानात. साहेब, तुम्ही उठायचं नाही. आम्ही आहोत ना!"

गुडघ्याची एवढी काळजी! शेजारी असावा तर असा, असं वाटून मला भरून आलं. ते बघून त्यांनाही भरून आलं.

अर्ध्या तासात चार माणसांनी लाल-काळा मंडप आणून बरोबर माझ्या डोक्यावर उभा केला.

"अहो, ऊन!" मी ओरडलो.

"म्हणूनच तर," ओपोकू म्हणाले.

मग ऐंशी खुर्च्या आल्या, चर्चमधल्या बायका गायला आल्या, आणि लोक ओळीने माझा हात हातात घेऊन पुढे सरकू लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, कुणीही गेलेलं नाही!"

एका म्हातारीने माझं डोकं छातीशी धरलं. "पहिल्या दिवशी असंच वाटतं रे, बाळा."

इतक्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. सेरवा उतरली आणि मंडप बघून किंचाळली. तिच्या मागून सासूबाई उतरल्या, धडधाकट, काखेत एकही सुरकुती न पडलेली पर्स. गाणं मधेच तुटलं.

"कोण गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

ऐंशी माणसं आपापल्या चपला न्याहाळू लागली. शेवटी ओपोकू पुटपुटले, "तुम्हीच, मामी."

बारा वर्षांची मेहनत पाण्यात गेली, हे मला त्या क्षणी कळून चुकलं. सासूबाईंनी मंडप बघितला, खुर्च्या बघितल्या, माझं कापड बघितलं. मग पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसल्या.

"माणसं जमलीच आहेत, तर होऊन जाऊ दे. मी कशी होते ते मलाही कळू दे. जावईबापू, सुरुवात तुम्ही करा."

मी सुजल्या गुडघ्यावर उभा राहिलो. एक मिनिट गेलं, पाच गेली. ऐंशी माणसं कान टवकारून बसलेली, आणि सासूबाईंबद्दल बोलायला मला एक चांगला शब्द सुचेना.

शेवटी त्याच उठल्या, मला दंडाला धरून खाली बसवलं आणि लोकांकडे वळून म्हणाल्या, "जाऊ दे बिचाऱ्याला. दुःखाने वाचाच बसलीय त्याची."